मांजराच्या केसपेपरवरचं ‘पूर्ववत’

"डॉक्टर, तलाठी पडलाय. उठत नाय. तोंडातून लाळ चाललीय. लवकर या!"

सकाळचे साडेआठ वाजले होते. शहापूरच्या माझ्या दवाखान्यात टेबलावर पोट फुगलेली शेळी होती, माझे दोन्ही हात तिच्यात गुंतले होते आणि लक्ष्मणनं नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला होता. शेळीचा मालक ताठ झाला.

"कुठला तलाठी? आमचा?" त्याच्या आवाजात काळजी होती असं मला म्हणता येणार नाही.

"मशीनवर साखर किती दाखवतंय?" मी फोनमध्ये ओरडलो.

"आकडाच नाय. नुसतं लो येतंय."

"घरात मध आहे?"

"जंगलातला हाय."

"बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. चोळत राहा. मी निघालो."

तलाठी हे एका बोक्याचं नाव. वय तेरा. नाव वाडीनं ठेवलं होतं. रोज सकाळी तो एकेका घराच्या ओट्यावर जाऊन बसायचा, काहीतरी घेतल्याशिवाय उठायचा नाही आणि जिथे कमी मिळालं तिथे दुसऱ्या दिवशी लवकर जायचा. फोनवर होत्या त्या त्याच्या मालकीणबाई इंदूताई, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या नर्स. म्हसा गावाच्या अलीकडच्या एका वाडीत एकट्या राहतात. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला तसं बजावलंय.

मी गुरांचा डॉक्टर. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बरीचशी मुरबाड तालुक्यात. निवृत्तीनंतर शहापूरला छोटा दवाखाना टाकला. लक्ष्मण माझा जुना ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारा, जनावर धरणारा आणि माझं अक्षर वाचू शकणारा एकमेव माणूस. तोही निवृत्त झाला आणि सवयीनं माझ्याकडेच येऊन बसला. आमच्या सरकारी रजिस्टरात गाय, म्हैस, बैल, शेळी असे रकाने होते. मांजर ‘इतर’ या रकान्यात यायचं, तेही वर्षातून एखादं.

तलाठ्याच्या केसपेपरवर एक चुकीची नोंद आहे. त्या दिवशी तो का पडला, याबद्दलची. अक्षर माझं आहे. ती नोंद दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

*

सुरुवातीपासून सांगतो. तीन महिने आधी इंदूताई तलाठ्याला भाजीच्या क्रेटमध्ये घालून, वरून जाळी बांधून घेऊन आल्या होत्या. एके काळचा सहा किलोचा बोका चारवर आला होता. मागचे पाय टाचांवर टेकून चालत होता.

"पाणी लय पितो डॉक्टर. मुततो पण लय. आणि मुततो तिथं मुंग्या लागतात."

"म्हातारं मांजर पाणी जास्त पितं, याचा अर्थ मूत्रपिंड," मी निकाल दिला.

"मुंग्या लागतात म्हटलं मी."

सरकारी आदेश स्वतः वाचून आलेल्या नागरिकाकडे पाहून साहेब लोक जसे हसतात, तसा मी हसलो. रक्त कल्याणच्या लॅबला पाठवलं. रिपोर्टमध्ये मूत्रपिंडाचा आकडा वाढलेला होता आणि साखर चारशेच्या वर होती. घाबरलेल्या मांजराची साखर तशीही चढते, म्हणून घरी शांतपणे पुन्हा तपासायला सांगितली. इंदूताईंनी माणसांच्याच मशीनवर, कानाच्या कडेला टोचून, तीन दिवस तपासली. कमी झाली नाही.

"म्हणजे दोघंबी बरोबर निघालो," त्या म्हणाल्या. हे त्यांचं मोठेपण. माझ्या अंदाजात साखर नव्हतीच.

हे दोन आजार एकाच मांजराला झाले की काय होतं, ते सोप्या शब्दांत सांगतो. मूत्रपिंड ही शरीराची चाळणी. ती झिजली की खाणं हलकं हवं. प्रोटीन बेताचं, मीठ आणि फॉस्फरस कमी. मधुमेहाला याच्या उलट हवं. भात-पोळी बंद आणि प्रोटीन भरपूर. म्हणजे एकाच अर्जावर दोन खात्यांची ना-हरकत हवी आणि एक खातं ज्यावर सही करणार, त्यावरच दुसरं हरकत घेणार. अशा वेळी सरकारात जे करतात तेच आम्ही केलं. मधला मार्ग काढला. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, अंड्याचा पांढरा भाग, पाणी जास्तीत जास्त, दर दोन दिवसांनी कातडीखाली सलाइन. आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, तेही खाणं खाल्ल्यावरच. यात आणखी एक मेख आहे. इन्सुलिन शरीराबाहेर टाकण्याचं काम बरंचसं मूत्रपिंडच करतं. चाळणी झिजलेली असली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. म्हणून मात्रा अगदी कमी ठेवायची. एक युनिट. चुकलात तर कमी देऊन चुका, जास्त देऊन नको.

हे शेवटचं वाक्य मी इंदूताईंना बोट उंचावून सांगितलं होतं.

त्या वाडीत घरोघर गेल्या. पोलिओच्या डोसासाठी वर्षानुवर्षं जायच्या तशाच. तलाठ्याला कोणी काही घालायचं नाही, असं प्रत्येक दारात सांगितलं. प्रत्येकानं मान डोलावली. आठवड्यानं मूत्रपिंडाचा आकडा आणखी वर. चौकशी केली तर शेजारचे किसनबुवा म्हणाले, "आमच्याकडं काय नाय खात. फक्त सुकट. सुकट म्हंजे काय खाणं हाय काय?"

खारवलेली सुकट. म्हणजे मूत्रपिंडाला नको ते सगळं, एका वाटीत.

किसनबुवांना स्वतःला मधुमेह होता. त्यांचं दोन वेळचं इंजेक्शन इंदूताईच द्यायच्या, कित्येक वर्षांपासून. त्यांची बाटलीही इंदूताईंच्याच फ्रीजमध्ये. आता दारातल्या कप्प्यात किसनबुवांची बाटली आणि तलाठ्याची बाटली शेजारी शेजारी आल्या. मला इंजेक्शन शिकवावं लागलंच नाही. मी सुई हातात घेईपर्यंत त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून काम संपवलं होतं आणि तलाठी वाटीकडे बघत होता.

*

तिसऱ्या महिन्यात मी इन्सुलिन बदललं. पहिलं साधं होतं. मांजरात ते लवकर उतरतं, त्यामुळे साखर दुपारी खाली आणि संध्याकाळी पुन्हा वर जायची. म्हणून जास्त वेळ टिकणारं, सावकाश काम करणारं लिहून दिलं. निर्णय योग्य होता. आजही तेच करीन.

केसपेपरवर मी लिहिलं: ‘इन्सुलिन बदलले. बाकी पूर्ववत.’

पूर्ववत हा शब्द सरकारी डॉक्टरच्या पेनात शाईबरोबरच भरलेला असतो. पहिल्या दिवशी सगळं लिहायचं. दुसऱ्या दिवसापासून ‘पूर्ववत’. म्हैस सुधारली तरी उपचार पूर्ववत, म्हैस गेली तरी एकदा चुकून पूर्ववत. बत्तीस वर्षांत या एका शब्दानं माझे किती तास वाचवले याची गणतीच नाही. म्हशीला पाचपन्नास मिली इकडेतिकडे झालं तर ती शेपटी हलवते आणि विसरते.

इन्सुलिनचं तसं नाही. आपल्याकडे त्याच्या दोन ताकदी मिळतात. एका बाटलीत दर मिलीला चाळीस युनिट असतात, दुसरीत शंभर. दोन्हींच्या सुया वेगळ्या. चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सुईवरची एक रेघ ही चाळीसच्या बाटलीसाठीच एक युनिट असते. त्याच सुईनं शंभरच्या बाटलीतून एक रेघ ओढलीत, तर एक नाही, अडीच युनिट येतात. तलाठ्याची पहिली बाटली चाळीसची होती. नवी शंभरची. घरात सुया लाल टोपीच्या, कारण किसनबुवांनाही त्याच लागायच्या.

दुसऱ्याच दिवशी इंदूताईंचा फोन आला होता. मी एका गाईच्या अडलेल्या वासराशी झटत होतो.

"डॉक्टर, या बाटलीवर शंभर लिवलंय. आदीच्यावर चाळीस होतं. सुई तीच ना?"

"तीच, तीच! सगळं पूर्ववत!" मी ओरडलो आणि वासराचा पाय ओढला.

पाच दिवसांनी तलाठी पडला.

*

बाइकवरून तासाभरानं आम्ही वाडीत पोचलो. इंदूताई ओट्यावर मांडीवर बोका घेऊन बसल्या होत्या. बोट मधानं चिकट, पदर लाळेनं ओला. तलाठ्याच्या अंगाला झटके येत होते, पण डोळे हलत होते. म्हशींना लावतो त्या डेक्स्ट्रोजमधलं, म्हणजे साखरेच्या सलाइनमधलं, थोडं पातळ करून मी त्याच्या पुढच्या पायाच्या शिरेतून सावकाश दिलं. वीस मिनिटांत त्यानं मान उचलली. अर्ध्या तासानं लक्ष्मणला बोचकारलं. भोवती जमलेल्या वाडीनं टाळ्या वाजवल्या. मी रुमालानं कपाळ पुसलं आणि पाणी प्यायला आत गेलो. फ्रीज उघडला.

बाटलीवर शंभर. बाजूच्या डब्यात लाल टोप्या.

फ्रीज वाजायला लागला तेव्हा दार लावलं.

मग मी जे केलं ते क्रमानं लिहितो, कारण घाईत केलं असं मला म्हणता येत नाही. बॅगेतून नारिंगी टोपीच्या सुया काढल्या. तलाठ्याच्या डब्यात त्या ठेवल्या. लाल टोपीच्या त्याच्या सुया रुमालात गुंडाळून खिशात घातल्या. बाहेर आलो आणि म्हणालो, "इंदूताई, डोळ्याचं ऑपरेशन होऊन किती दिवस झाले तुमचं?"

"दोन महिने."

"तरीच. रेघ चुकली असणार. औषध जास्त गेलंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मी सुईचं विचारलं होतं तुमाला."

"सुई बरोबरच आहे. रेघ चुकली. होतं असं वयानं. नव्या बारीक सुया ठेवल्यात, रेघा स्पष्ट दिसतील."

त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. त्या हातानं पंचक्रोशीतल्या निम्म्या लेकरांना लस टोचली होती. तो हात थरथरत नव्हता. त्या मात्र थरथर शोधत होत्या.

मी केसपेपरवर लिहिलं: ‘मालकाकडून मात्रा जास्त दिली गेली. मालकास समज देण्यात आली.’

परत येताना खिंड आली. लक्ष्मण मागून म्हणाला, "साहेब, तिचा फोन आला तवाबी स्पीकरवरच होता."

"कुठला फोन?"

"बरं," लक्ष्मण म्हणाला. वीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला ‘बरं’ कुठे म्हणायचं ते कळतं.

*

इंदूताईंनी सुई खाली ठेवली. तलाठ्याला देईनात, किसनबुवांनाही देईनात. "हात चुकतो माझा. माणसाचा जीव हाय तो," एवढंच म्हणायच्या. वाडीत लोक थट्टेनं म्हणू लागले, नर्सबाईनं तलाठ्याला झोपवला. पूर्वी कोणाला ताप आला, बीपी बघायचं असलं की लोक त्यांच्याकडे यायचे. ते थांबलं. त्यांनीच थांबवलं.

यावर मी उपाय केले. सगळे उपाय केले, एक सोडून. लहान मात्रेत साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा विचार केला; झिजलेल्या मूत्रपिंडापुढे तो टिकला नाही. शेजारच्या बाईंना सुई शिकवली. त्यांनी पहिलं इंजेक्शन गोधडीला दिलं. ‘घरच्या घरी इन्सुलिन : मार्गदर्शक सूचना’ असं अठरा मुद्द्यांचं पत्रक काढून लॅमिनेट करून दिलं. सुईच्या टोपीचा रंग हा मुद्दा त्यात अकरावा होता. रंगापुढे कारण लिहिलं नव्हतं.

आणि या सगळ्यात माझा सत्कार आला.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या एका मंडळानं शहापूरला माझं व्याख्यान आधीच ठरवलं होतं. विषयही मीच दिला होता: ‘ग्रामीण भागातील मांजरात मधुमेह व मूत्रपिंडविकार : एक यशस्वी उपचार’. मला ते रद्द करता आलं असतं. मी नवीन शर्ट इस्त्री करून घेतला.

सभागृहात साठेक माणसं होती. निम्मी मधुमेही. त्यामुळे प्रश्न चांगले आले, पण मांजराबद्दल एकही नाही. एका निवृत्त उपअभियंत्यानं उठून, आपल्याला रात्री किती वेळा उठावं लागतं ते आकड्यांसकट सांगितलं. मी स्लाइडवर तलाठ्याचा फोटो दाखवला. मग म्हणालो, "या केसमध्ये एकदा साखर धोकादायकरीत्या उतरली. कारण काय? मालकाची मात्रेतली चूक. आणि मालक कोण? प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी! मित्रहो, सुशिक्षितांचंही प्रबोधन किती गरजेचं आहे बघा."

टाळ्या पडल्या. शाल घातली, नारळ दिला. अध्यक्ष म्हणाले, असे सेवाभावी डॉक्टर हल्ली दुर्मीळ. शेवटच्या रांगेत लक्ष्मण हातातला बटाटेवडा न खाता बसला होता.

*

दुसऱ्या दिवशी मी सलाइन द्यायला वाडीत गेलो. तलाठी ओट्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. पंधरा दिवस इन्सुलिन नव्हतं. मी त्याला उचलून तोंडाजवळ धरलं आणि वास आला.

तो वास मला आयुष्यभर माहीत आहे. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या म्हशीच्या तोंडाला तो येतो. गोडसर, पिकून उतरलेल्या फळासारखा. शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळू लागतं, त्याचा हा धूर. त्याला आम्ही कीटोन म्हणतो. म्हशीत तो आला की मी घाबरत नाही. या चार किलोच्या, चाळणी झिजलेल्या जनावरात आला, म्हणजे आठवडा. फार तर दहा दिवस.

"इंदूताई, आजपासून सुई सुरू करावीच लागेल."

"मी नाय करणार, डॉक्टर. तुमी घेऊन जावा त्याला शहापूरला. तिकडं ठेवा."

"तिकडे तो खाणार नाही. तुमच्याच हातचं खातो. न खाता इन्सुलिन देता येत नाही."

"मग जाऊ दे त्याला. माझ्या हातानं नको."

मी सलाइनची नळी बंद केली. लक्ष्मण तलाठ्याला धरून, मान खाली घालून बसला होता. मी म्हणालो, "तुमची रेघ चुकली नव्हती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सुई चुकीची होती. बाटली शंभरची, सुई चाळीसची. तुम्ही फोनवर विचारलंत. मी तीच म्हणालो. तुम्ही मोजून एकच रेघ दिलीत. त्यात अडीच युनिट होते."

"किती येळा?"

"पाच दिवस. दोन्ही वेळा."

त्यांनी हिशोब केल्यासारखे डोळे मिटले. "आणि त्या दिवशी तुमाला कळलं होतं?"

"फ्रीज उघडल्यावर. लाल सुया मी खिशात घालून नेल्या."

आता त्या रडतील किंवा माफ करतील, अशी दोन्ही तयारी मी करून ठेवली होती. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. आत गेल्या, चपला घालून आल्या. हातात पांढरा खडू होता.

"चला."

"कुठे?"

"मला सांगून काय उपेग? मला तर कळलंच आता. वाडीला सांगा. तेवीस घरं हायत. सांगितलं की दारावर गोल खूण. घर बंद असलं की फुली, मग परत यायचं. पोलिओला असंच करतो आमी."

"इंदूताई, मी लेखी देतो ना..."

"लेखी दिलंच होतं तुमी एकदा," त्या म्हणाल्या.

लक्ष्मणनं पहिल्यांदा मान वर केली. "चला साहेब, मी धरतो," तो म्हणाला. काय धरणार होता देव जाणे. सवयीचं वाक्य.

पहिल्या घरातली बाई भांडी घासत होती. मी हात जोडून म्हणालो की तलाठ्याच्या बाबतीत चूक माझी होती. "बोक्याचं होय?" ती म्हणाली. "आमाला वाटलं सातबाऱ्याचं काय निघालं." गोल खूण. तिसऱ्या घरात म्हातारबांनी विचारलं, "कोणत्या पक्षाकडून उभे हाव?" दारोदार हात जोडत फिरणारा म्हातारा आणि मागे दोन माणसं, त्यांचा दोष नव्हता. पाचव्या घरात चहा झाला. सातव्या घरात एक जण पुढे आला आणि म्हणाला, "आता सांगतायच तर आमच्या बैलाचं पण सांगा."

"कुठला बैल?"

"म्हशाच्या जत्रेतनं आणला होता. तुमी मुरबाडला होते तवा. चार दिवसांत उठेल म्हणाले होते."

"मग?"

"उठला नाय."

मला बैल आठवला. दुर्दैवानं माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे. त्याचीही चूक कबूल केली. त्यानंतर बातमी माझ्या पुढे धावू लागली. नवव्या घरात म्हैस, अकराव्यात दोन शेळ्या, चौदाव्यात एक कोंबडी. तिच्याशी माझा काही संबंध नव्हता, पण तोवर माझी नकार देण्याची शक्ती संपली होती. इंदूताई मागे खडू घेऊन उभ्या. मी वाक्य गुळमुळीत केलं की म्हणायच्या, "नीट सांगा. सुई कोणाची चुकली?"

"माझी."

"ऐकलं ना?" मग खूण.

एकवीस गोल झाले आणि दोन फुल्या. एक घर लग्नाला गेलेलं. दुसरं किसनबुवांचं. परत वळून आम्ही ओट्यावर आलो. इंदूताईंनी हात धुतले, नारिंगी टोपीची सुई घेतली, तलाठ्यानं कोंबडीचे चार घास खाल्ले ते मोजून पाहिलं आणि एक रेघ दिली. त्याला कळलंही नाही.

*

दोन दिवसांनी मी फुल्यांसाठी परत गेलो. लग्नाचं घर झालं. किसनबुवा ओट्यावर बसले होते, पाय बादलीत. अंगठ्याला न भरणारी जखम होती. मी माझं वाक्य म्हटलं. आता ते पाठ झालं होतं.

किसनबुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग इंदूताईंकडे वळले. "म्हंजे तू बरोबर होतीस गो?"

"होते बुवा."

"मग मला का हाकललंस? रोज संध्याकाळचा येऊन बसायचो मी."

"सुई घ्यायला मुरबाडला जाता ना तुमी जीपनं? मी सांगितलं होतं तसं?"

किसनबुवा बादलीतल्या पाण्याकडे बघू लागले. "सकाळची जीप असते. संध्याकाळची कुठं हाय? संध्याकाळचं सोडलं मी."

मी जखमेकडे पाहिलं. तोपर्यंत मी एका मांजराची चूक कबूल करत वाडीभर फिरत होतो. त्या पायाचा विचार मी कधी केलाच नव्हता. केसपेपरवर तो कुठे येणार? तो ‘इतर’मध्येही नव्हता.

इंदूताई घरी गेल्या आणि बाटली-सुई घेऊन आल्या. बाटली माझ्यासमोर धरली.

"वाचा."

"चाळीस."

"मोठ्यानं. बुवांना कमी ऐकू येतं."

"चाळीस! टोपी लाल!"

"आता बरोबर?"

"बरोबर."

"शर्ट वर करा बुवा," त्या म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात. बुवांना त्याच दुपारी माणसांच्या डॉक्टरकडे नेलं. अंगठा वाचला, नख गेलं. तलाठ्याच्या तोंडाचा वास चार दिवसांत गेला. तो त्यानंतर चौदा महिने जगला. साखर आटोक्यात होती. शेवटी मूत्रपिंडानंच नेलं. तेही एका दिवसात नाही, हळूहळू. खाणं कमी, झोप जास्त. त्या वयाच्या मांजरात दोन्ही आजार असताना चौदा महिने ही चांगली गोष्ट आहे आणि तिचं श्रेय रोज दोन वेळा साखर तपासणाऱ्या हाताचं आहे. इंदूताई आता वाडीतल्या सहा जणांना इन्सुलिन देतात. प्रत्येकाला आधी बाटली मोठ्यानं वाचायला लावतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना टोपीचा रंग सांगावा लागतो.

केसपेपरवरची ती ओळ मी खोडली आणि शेजारी खरं लिहून सही केली. वाडीला सांगून झालं होतं. शहापूरच्या सभागृहातली साठ माणसं राहिली होती. त्यांच्या दारांवर खडूनं खुणा करणं शक्य नाही, म्हणून इथे लिहिलं. चूक मालकाची नव्हती, माझी होती. ज्यांना त्या व्याख्यानातलं काही आठवत असेल त्यांनी एवढं दुरुस्त करून घ्यावं. उपअभियंत्यांना बहुतेक काही आठवत नसेल.

धडा म्हणाल तर एकच आहे: बाटली बदलली की सुई बदला. फोनवर हे सांगायला चार सेकंद लागतात. मला तेवीस घरं, दोन फेऱ्या, एक बैल आणि हा लेख लागला.